सिंगल बेलला थांबायचं

मंगळवार, ५ सप्टेंबर

ही वही लेकाने मला गुडघ्याच्या गोळ्यांच्या वेळा लिहायला आणून दिली. गोळ्या दोन आणि वही दोनशे पानांची. म्हणून म्हटलं, बाकीचंही लिहावं.

आज देखरेख कार्यालयातल्या बाई घरी आल्या होत्या. तुरुंगातून सुटलेल्या लोकांवर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. आपल्या भागात एक माणूस राहायला येतोय. मुलांना पोहायला शिकवायचा. त्यातल्याच एका लहान मुलीशी नको ते वागला आणि नऊ वर्षं शिक्षा भोगून सुटला. आता लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत इस्त्री करणार. त्याला अटी आहेत. मुलांशी बोलायचं नाही, मुलं जमतात तिथे फिरकायचं नाही, शाळा सुटण्याच्या वेळी रस्त्यावर यायचं नाही. शिवाय दर गुरुवारी संध्याकाळी भागातल्या तिघांनी त्याच्याबरोबर तासभर बसायचं. काय बोलतो, कसा राहतो, पाय कुठे घसरतोय का, ते बघायचं आणि बाईंना कळवायचं.

"त्याला सरळ हाकलून का देत नाही?" मी विचारलं.

"हाकललं तर दुसऱ्या गल्लीत जाईल, आणि तिथे त्याला कोणीच ओळखत नसेल. इथे निदान सहा डोळे असतील." मग दारात चप्पल घालता घालता म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. तुम्ही त्याच्यासाठी येत नाही. मुलांसाठी येताय."

मी हो म्हटलं. एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते मी. बिनतिकिटाचा माणूस मला पाठमोरा कळतो. तो खिडकीबाहेर बघतो, उगाच खिसे चाचपतो, नाहीतर झोपेचं सोंग घेतो. पण डोळ्याला डोळा देत नाही. बाईंनी जाताना नियमांचा कागद दिला. अकरा नियम. मला नियम शिकवायला निघाल्या! घडी घालून या वहीत ठेवलाय, खूण म्हणून बरा आहे.

बुधवार, ६ सप्टेंबर

सूनबाईला सांगितलं. ती कप धूत होती. तोच कप तिने तीनदा धुतला.

"तुम्ही जाऊ नका, असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "कोणीतरी लक्ष ठेवायलाच हवं. पण आई, लवंगीचा विषय त्या खोलीत निघता कामा नये. नाव नाही, वय नाही, काही नाही."

"अगं, मी काय दूधखुळी आहे का?"

"शब्द द्या."

दिला शब्द. शब्द द्यायला माझं काय जातं! पण ही पोर म्हणजे कमाल आहे. लवंगी म्हणजे आमची नात, साडेसहा वर्षांची, तिखट म्हणून लवंगी. तिला वाढदिवसाला कुठे पाठवायचं तर ही तिथे जाऊन बसणार. मी शनिवारी वसाहतीच्या हॉलमध्ये मुलांचं खेळणीघर चालवते. मुलं एक खेळणं घरी नेतात, पुढच्या शनिवारी परत आणतात. तिथेही ही दारात खुर्ची टाकून दोन तास बसते. मोठी माणसं कायम दोन हवीत, सामानाच्या खोलीत मूल एकटं जायचं नाही, हे सगळं हिचंच. मी तिला दारवान म्हणते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. हिचं तर तोंडही कधी पोळलेलं नाही आणि फुंकर मात्र चालूच.

गुरुवार, १४ सप्टेंबर

पहिली बैठक झाली. वसाहतीच्या कार्यालयात, चार खुर्च्या आणि एक डगमगतं टेबल. मी, गणिताचे निवृत्त सर, बेकरीवाले दादा आणि तो. पहिल्या दिवशी बाईही होत्या.

मला वाटलं होतं कोणीतरी लाल डोळ्यांचा राक्षस येईल. आला तो पन्नाशीचा, घडी न मोडलेल्या शर्टातला, हळू बोलणारा माणूस. खुर्चीत बसला आणि सगळं स्वतःहून सांगितलं. मुलगी आठ वर्षांची होती. तिच्या घरच्यांचा माझ्यावर विश्वास होता, मी तो मोडला, म्हणाला. आणि सांगताना सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता. शेवटी रडला. बेकरीवाल्या दादांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्याने एका घोटात संपवला.

त्याचं नाव या वहीत लिहावंसं वाटत नाही. गुरुवारचा म्हणेन.

शनिवार, १६ सप्टेंबर

खेळणीघरात आज एकोणीस मुलं. मी अजून डोकी मोजते. चढली किती, उतरली किती. लाकडी बसचं चाक निखळलंय. लवंगीची सगळ्यात लाडकी, आणि तीच मोडली, म्हणून ती घरी येईपर्यंत फुरंगटून होती.

घरी आल्यावर मग आमची खरी बेल वाजवली, तेव्हा कळी खुलली. आमची बस भंगारात निघाली तेव्हा डेपोतल्या मेकॅनिकने तिची बेल काढून मला दिली होती. स्वयंपाकघराच्या चौकटीला बसवली आहे, दोरीसकट. लवंगीला सगळी भाषा पाठ आहे. डबल बेल म्हणजे चला. सिंगल बेल म्हणजे थांबा. सिंगल बेल कोणीही द्यावी, पोरानेसुद्धा, आणि ड्रायव्हरने 'का' विचारायचं नाही. आधी ब्रेक, मग चौकशी.

ड्रायव्हर म्हणजे आमचे हे. घरात मिठाच्या डबीवरून माझ्याशी वाद घालायचे, पण बसमध्ये माझ्या सिंगल बेलला त्यांनी एकदाही 'का' विचारलं नाही. जाऊन चार वर्षं झाली. कधी कधी ती दोरी मी उगाचच हातात धरून उभी राहते.

गुरुवार, २१ सप्टेंबर

गुरुवारच्याने आज माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मागच्या वेळी मी खुर्चीतून उठताना एकदाच हुश्श केलं होतं, ते त्याच्या लक्षात! मग ह्यांच्याबद्दल विचारलं. नवरा ड्रायव्हर आणि बायको कंडक्टर, एकाच बसवर! त्याला फार गंमत वाटली. मी पंधरा मिनिटं बोलत होते. सरांनी दोनदा घड्याळ बघितलं, बघू देत. ह्यांच्याबद्दल मला घरात आता कोणी काही विचारत नाही. त्यांचं सगळं ऐकून झालंय.

गुरुवार, २८ सप्टेंबर

आज उशीर झाला. लवंगीचा पुढचा दात पडला आणि तिने तो कुठेतरी टाकला, तो शोधण्यात अर्धा तास गेला. उशिराचं कारण म्हणून तेवढंच सांगितलं, नातीचा दात पडला म्हणून. नाव कुठे सांगितलं मी?

गुरुवारचा हसला. "पाच वर्षांची असेल."

"पाच कसली, साडेसहा!"

एवढंच. त्याने पुढे काही विचारलं नाही. त्याची ही गोष्ट मला आवडते, खोदून खोदून विचारत नाही. नाहीतर आमचे सर, माणसाला उदाहरण सोडवायला बसवल्यासारखे प्रश्न विचारतात.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

लाकडी बस दुरुस्त करायला सुतार वेळ देत नाही. गोंद लावला, चाक पुन्हा पडलं. लवंगी रोज चौकशी करते, दवाखान्यातल्या नातेवाइकाची करावी तशी.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

बैठकीनंतर जिन्यात गुरुवारचा म्हणाला, लाकडाचं बारीकसारीक काम तुरुंगात शिकलोय, काही असलं तर द्या. मी बसचं सांगितलं. खेळणं म्हणजे काही मूल नव्हे. लाकडाला कसली अट?

"शनिवारी सकाळी असतं ना तुमचं खेळणीघर? त्याआधी देतो."

"सकाळी नाही हो, दुपारी तीनला."

मी म्हटलं, बाईंना कानावर घालते. तर म्हणाला, "कशाला ताई. त्यांना मग कागद भरावे लागतात, आणि बोलणी तुम्हाला बसतील. माझ्यामुळे तुम्हाला त्रास नको. आपल्या दोघांतच राहू दे."

दुसऱ्याला त्रास नको म्हणून किती जपतो. आमच्या घरी चहाचा कप उचलायलाही दोन हाका माराव्या लागतात.

शनिवार, ७ ऑक्टोबर

सूनबाईला सहज म्हटलं, "तो माणूस काही वाईट नाही गं. चुकला, भोगलं. बोलायला किती चांगला आहे."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच कोणी अनोळखी बाई आहे. मग म्हणाली, "चांगलाच असतो बोलायला," आणि लवंगीची वेणी घालायला बसली. वेणी इतकी घट्ट घातली की पोर ओरडली. मग तिने तिला जवळ घेतलं ते बराच वेळ सोडलंच नाही. हिचं मला काही कळत नाही.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

काल गुरुवारचा म्हणाला, बस तयार आहे, लॉन्ड्रीतून घेऊन जा. मग म्हणाला, "शाळेकडून तुम्ही बागेच्या रस्त्याने येत असाल, मग लॉन्ड्री तुम्हाला लांब पडेल."

"छे, आम्ही बेकरीच्या रस्त्याने येतो. लॉन्ड्री शेजारीच की."

म्हणून आज शाळेतून येताना लवंगीला बेकरीच्या पायरीवर उभी केली आणि दोन मिनिटांत बस घेऊन आले. काय काम केलंय! चाक घट्ट, रंग नवा, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक इवलीशी पितळी बेल. दोरा ओढला की वाजते. लवंगी नाचलीच.

"कोणी केली गं आजी?"

"एका कारागिराने," मी म्हटलं. खोटं नाही.

सूनबाईला बेलचं सांगितलं नाही. खेळणीघरातलं खेळणं, तिला काय सांगायचं?

शुक्रवार, २० ऑक्टोबर

बेकरीत आज ही रांग. लवंगी बाहेर पायरीवर बस फिरवत होती. माझा नंबर येणार तोच धावत आत आली आणि माझ्या पिशवीचा बंद धरून उभी राहिली. सोडेचना. म्हटलं, "मध्येच काय गं, पाव घेऊ दे की!" काही बोलली नाही. रस्ताभर गप्प. दात येतोय, त्याचा त्रास होत असेल.

शनिवार, २१ ऑक्टोबर

खेळणीघर आज उघडलं नाही.

रविवार, २२ ऑक्टोबर

लिहायला हवंच.

काल सकाळी आम्ही तिघी टेबलाशी होतो. लवंगीने दुधाचा कप बाजूला सरकवला आणि आईला विचारलं, "गंमत किती दिवसांत फुटते?"

सूनबाईचा हात जागच्या जागी थांबला. "लवकर फुटते. आणि फुटली की सगळे हसतात. का गं?"

"मग ही गंमत नाही. मी कालपासून थांबले, कोणी हसलंच नाही."

मग सांगितलं. लॉन्ड्रीतला काका दारात आला. विचारलं, बेल आवडली का? माझ्याकडे अजून एक छोटी बस आहे, आत ये, दाखवतो. आजीला सांगू नकोस, गंमत आहे.

"मग तू काय केलंस?" सूनबाईचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. तो तिने कसा ठेवला, देव जाणे.

"मी म्हटलं सिंगल बेल. तो हसला. मग मी मोठ्याने म्हटलं, सिंगल बेल! तरी तो 'ये ना' म्हणाला. सिंगल बेलला थांबतात ना आजी? तो थांबलाच नाही. म्हणून मी बेकरीत पळाले."

त्याने तिला हातही लावला नव्हता. सूनबाईने दोनदा, वेगवेगळ्या तऱ्हेने विचारून खात्री केली. मग खाली बसून तिच्याएवढी झाली आणि म्हणाली, "सांगितलंस ते फार चांगलं केलंस. तुझं काही चुकलं नाही." तिला शेजारच्या खोलीत बाबाजवळ पाठवलं. मग माझ्याकडे वळली.

"आई, कुठली बेल?"

मी सांगितलं. बस, जिना, लॉन्ड्री, दात, सगळं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"शब्द दिला होता तुम्ही," एवढंच म्हणाली आणि बाईंना फोन लावला.

दुपारी मी ही वही पहिल्या पानापासून वाचली. मी म्हणत होते, तो काही विचारत नाही. खरंच तो काही विचारत नव्हता. तो चुकत होता. पाच वर्षांची असेल. सकाळी असतं ना. बागेच्या रस्त्याने येत असाल. वहीत ही तीन आहेत; न लिहिलेली आणखी तीन मला आठवली. प्रवाशाने चुकीचा थांबा सांगितला की कंडक्टर तो दुरुस्त करणारच, हाडीमासी मुरलेली सवय आहे. सहा वेळा तो चुकीचा थांबा बोलला आणि सहाही वेळा मी त्याला बरोबर जागी उतरवलं. माझ्या घराच्या दारात.

आणि हे सगळं माझ्याच हस्ताक्षरात. खूण म्हणून ठेवलेला कागदही मधल्या पानांत सापडला. नियम चौथा: आपल्या घरातल्या मुलांविषयी बोलू नये. नियम सातवा: वस्तू देऊ-घेऊ नये. नियम नववा: 'आपल्यातच राहू दे' असं तो म्हणाला, तर त्याच दिवशी कळवावं.

नववा वाचून मला रडू आलं. लाज वाटली म्हणून, आणि पोरीने एकटीने तो पायरीवरचा क्षण काढला म्हणून. ती माझी पिशवी धरून उभी होती आणि मी म्हणाले, पाव घेऊ दे.

सोमवार, २३ ऑक्टोबर

वही घेऊन बाईंच्या कार्यालयात गेले. वाटेत तीनदा वाटलं, परत फिरावं. यातली काही पानं फाडावीत, निदान ते 'किती जपतो' वालं. मग म्हटलं, नाही. कंडक्टरने हिशोबाचं पान फाडलं की तो चोरच.

बाईंनी तिथेच बसून सगळी वाचली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मग लक्षात आलं की मी डोळ्याला डोळा देत नाहीये.

त्याला शनिवारी दुपारीच ताब्यात घेतलंय. अट मोडली, आता आत जाईल. या पानांनी काम आणखी पक्कं होईल, बाई म्हणाल्या. झेरॉक्स काढून वही परत दिली.

"रडला होता तो," मी म्हटलं. "तेही सोंगच होतं का?"

"नसेलही. खरंच वाईट वाटत असेल त्याला. पण वाईट वाटणं वेगळं आणि थांबणं वेगळं."

"मला गुरुवारच्या कामावरून काढा."

"काढणारच होते," बाई म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात. मला ते बरं वाटलं.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

शेवटची बैठक, त्याच्याशिवाय. चौथी खुर्ची कोणीतरी भिंतीला लावून ठेवली होती. बाईंनी तिघांना आपापलं सांगायला लावलं. सरांकडे तो म्हणाला होता, शाळा अजून पाचलाच सुटते ना? सरांनी दुरुस्त केलं, साडेतीनला. बेकरीवाल्या दादांकडे म्हणाला होता, शुक्रवारी तुमच्याकडे गर्दी कमी असेल. दादा म्हणाले, उलट सगळ्यात जास्त.

तिघांकडे एकेक तुकडा होता. तिघांनाही वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी बाईंना काय फोन करायचा. दादांनी डोळे पुसले. "तुमची नात आत धावत आली तेव्हा मी तिला बिस्किट दिलं हो. विचारलं नाही, का धावलीस," म्हणाले. जाताना जिन्यात सरांनी माझा हात धरला, गुडघ्यासाठी.

बुधवार, १ नोव्हेंबर

लवंगीला आता शाळेतून सूनबाई आणते. कामावरून अर्धी सुट्टी घेऊन धावतपळत जाते. साडेतीन वाजले की माझे पाय आपोआप चपलेकडे वळतात. मग मी परत येऊन बसते.

भांडण नाही. चहा वेळेवर येतो, गोळ्यांची आठवण करते. पण लवंगीला माझ्याजवळ ठेवून ती बाहेरच्या खोलीतसुद्धा जात नाही. बरोबरच आहे. मीसुद्धा तिला माझ्याजवळ ठेवली नसती.

शनिवार, ११ नोव्हेंबर

लेक लवंगीला घेऊन केस कापायला गेला होता. सूनबाई आणि मी कपड्यांच्या घड्या घालत होतो. चादरीची दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. मी म्हटलं, "मला माफ कर असं म्हणणार नाही. ते फार स्वस्त होईल. पण तू पहिल्या दिवसापासून बेल देत होतीस आणि मी थांबले नाही. उलट तुला दारवान म्हटलं."

चादर हातात तशीच ठेवून ती उभी राहिली.

"आमच्या शेजारी एक होते," ती म्हणाली. "सगळ्यांचे लाडके. सायकल शिकवायचे. मी घरी सांगितलं होतं, आई. एकदाच. घरचे म्हणाले, एवढा चांगला माणूस, काहीतरीच काय बोलतेस. मग मी पुन्हा नाही सांगितलं."

माझ्या हातातली टोकं सुटली. चांगला माणूस. मी याच घरात, हिच्याच तोंडावर म्हटलं होतं. आणि वर वहीत लिहून ठेवलं, हिचं कधी तोंड पोळलेलं नाही.

शंभर प्रश्न जिभेवर आले. कोण होता, तू केवढी होतीस, नवऱ्याला ठाऊक आहे का? एकही विचारला नाही. आधी ब्रेक. मी चादर ओलांडून तिच्यापाशी गेले. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, तरी तिचं डोकं माझ्या खांद्यावर बसलं. आम्ही किती वेळ तशाच उभ्या होतो ठाऊक नाही. चादर पुन्हा धुवावी लागली, तिच्यावर उभ्या होतो आम्ही.

नंतर तिने स्वतःहूनच सांगितलं, की नवऱ्याला ठाऊक आहे. आणि म्हणाली, "लवंगीने सांगितल्यावर मला आधी काय वाटलं, माहीत आहे? हिचं ऐकलं गेलं. एवढंच वाटलं."

शनिवार, १८ नोव्हेंबर

खेळणीघर उघडलं. मुलं बावीस. दारात दोन खुर्च्या टाकल्या, एक तिची, एक माझी. नियमांचा कागद मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावलाय. खाली मुलांसाठी लवंगीने स्वतःची ओळ घातली: सिंगल बेल दिली की मोठ्यांनी थांबायचं. 'थांबायचं'मधला 'थ' चार वेळा खोडून काढलाय.

ती लाकडी बस पुरावा म्हणून बाईंकडे आहे. लवंगीला म्हटलं, सुताराकडून दुसरी करून घेऊ. म्हणाली, "बेल नको तिला. बेल घरी आहे."

बावीस चढली, बावीस उतरली. बाविसांच्या बाविसांना कोणी ना कोणी न्यायला आलं, तेव्हाच कुलूप लावलं.

सोमवार, २० नोव्हेंबर

दुपारी तीनला सूनबाई घरीच होती. कामाला गेली होती आणि लवकर परत आली होती. मला वाटलं, आता नेहमीसारखी शाळेत निघेल. मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं, उगाच तिच्या वाटेत नको म्हणून.

सव्वातीन झाले. ती निघेना. ओट्याशी उभी राहून चहा पीत होती, सावकाश.

"अगं, उशीर होईल तुला," मी म्हटलं.

"मला नाही," ती म्हणाली. "तुम्हाला होईल."

मी पेपर खाली ठेवला. चप्पल उलटी घातली, काढली, सुलटी घातली. दाराशी गेले तरी पाय उचलेना. एकतीस वर्षांची सवय आहे, बेलशिवाय गाडी हलत नाही.

सूनबाईने कप ठेवला. या घरात आल्यापासून त्या दोरीला तिने कधी हात लावला नव्हता. आज चौकटीखाली येऊन तिने हात वर केला आणि दोनदा ओढली.

मी निघाले. बागेच्या रस्त्याने गेले, थोडा लांबचा आहे, पण वेळेवर पोचले.